न फिरलेलं चाक

जयवंताने सर्वांत वरच्या फळीवरचा कागदांचा बस्ता दोन्ही हातांनी ओढून छातीशी धरला आणि ती स्टुलावरून उतरू लागली, तेवढ्यात खोलीतला उजेड बदलला. दारातून फरशीवर पडलेली पिवळट पट्टी आधी बारीक झाली आणि मग नाहीशी झाली. पाठोपाठ लोखंडावर लोखंड बसल्याचा जड आवाज आला. खाली ठेवलेल्या कंदिलाची ज्योत एकदा वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

ती एक पाय स्टुलावर, एक पाय जमिनीवर अशी थांबली.

"भगवंतराव?"

दाराच्या पलीकडे काहीतरी किट् किट् वाजलं आणि थांबलं. तिने बस्ता तिथेच टाकला आणि ती दाराकडे धावली. आतल्या बाजूने दाराला मूठ नव्हती, कडी नव्हती. नुसता गार, सपाट पत्रा. तिने त्यावर तळहात आपटले.

"भगवंतराव! दार लागलं!"

"अरे बापरे," पलीकडून आवाज आला. एवढ्या जाड लोखंडातून तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटत होता. "वाऱ्यानं लागलं वाटतं. थांबा बाई, घाबरू नका. मी आहे."

'मी आहे' हे शब्द ऐकून तिला खरंच बरं वाटलं.

सुलतान बाजारामागच्या त्या जुन्या कचेरीचं तळघर म्हणजे जमिनीच्या कागदांची तिजोरीच होती. निजामाच्या काळात कुणीतरी विलायतेहून दार मागवून बसवलेलं. त्याला किल्ली नव्हती. बाहेरच्या बाजूला पितळेची तीन चाकं, प्रत्येकावर शून्यापासून नऊपर्यंत आकडे, आणि खाली एक दांडा. तिन्ही चाकांवर ठरलेला आकडा आणून दांडा दाबला की दार उघडायचं. तो आकडा एकट्या एकनाथरावांना ठाऊक आहे, असंच सगळे समजत. एकनाथराव म्हणजे कचेरीतले मोठे कारकून. ते कालच बस्त्यांच्या ट्रकबरोबर औरंगाबादला गेले होते. जाताना दार उघडंच ठेवून गेले. उरलेले बस्ते निघाले की मग पाहू, म्हणाले.

हैदराबाद राज्य मोडायला आता थोडेच दिवस उरले होते. कागदांचे तीन ढीग पडत होते: मराठवाडा मुंबई राज्याकडे, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे, बाकीचं इथं. माणसांचेही तसेच ढीग चालले होते. कचेरीतले बहुतेक जण आपापल्या ढिगात जाऊन पडले होते किंवा दिवाळीच्या रजेवर गेले होते. मराठी कागद वाचणारं एक माणूस मात्र हैदराबादेतच ठेवायचं होतं आणि त्या एका जागेसाठी दोन नावं उरली होती. एक भगवंतरावांचं, एक जयवंताचं. आज दुपारी अंगणापलीकडच्या इमारतीत वाटपाच्या साहेबांसमोर दोघांनी उभं राहायचं होतं. जो हजर नसेल त्याचं नाव आपोआप औरंगाबादच्या बाजूला जाणार होतं.

"यादगिरीला हाक मारा ना," ती म्हणाली. यादगिरी कचेरीचा शिपाई.

"यादगिरी बंडी घेऊन नामपल्ली स्टेशनला गेलाय, आता उद्याच येईल. वर कुणीच नाही."

"मग साहेबांकडे जाऊन सांगा. कुणी मिस्त्री बोलावतील."

बाहेर चपला एकदा फरशीवर घासल्या.

"मिस्त्री दार कापायला लागले तर रात्र होईल बाई. त्यापेक्षा मीच आकडे लावून बघतो. लागला तर लागला."

जयवंता खाली बसली. कंदील तिने जवळ ओढला. खोलीला खिडकी नव्हती. बस्त्यांना कसर लागू नये म्हणून ठेवलेल्या डांबरगोळ्यांचा वास एरवी दारातून बाहेर जायचा, तो आता तिच्या नाकातोंडात भरत होता. तिने ज्योतीकडे पाहिलं. ज्योतीकडे पाहायची सवय तिला लहानपणापासून होती.

गावाकडे धान्य ठेवायची पेवं असत, जमिनीखाली खणलेली, वर माणूस जेमतेम आत जाईल एवढं तोंड. पेवात उतरायच्या आधी दोरीला दिवा बांधून सोडायचे. दिवा विझला तर आत हवा नाही असं समजायचं. हैदराबादेत फौज आली त्या साली, धामधुमीत, त्यांची सगळी आळी पेटवली गेली तेव्हा तिच्या बापाने, तातेरावाने, तिला अशाच एका रिकाम्या पेवात उतरवलं होतं आणि वरून फरशी सरकवली होती. दिवा सोडून बघायला तेव्हा कुणाला फुरसत नव्हती. आत ती किती वेळ होती हे तिला कधीच नीट सांगता आलं नाही. वरून माणसं पळत होती, आणि श्वास घेतला तरी घेतल्यासारखा वाटत नव्हता, एवढं आठवत होतं.

त्यानंतर ते सगळे हैदराबादेत आले. चिक्कडपल्लीत दोन खोल्या मिळाल्या. जयवंता मॅट्रिक झाली, नोकरीला लागली. याच महिन्यात तातेराव नागपूरला जाऊन पांढऱ्या कपड्यात परत आले आणि घरातले देव्हाऱ्यातले देव मुकाट्याने पाण्यात सोडून आले. मालनबाई, तिची आई, अजूनही रस्त्यावरून मशाल किंवा पेट्रोमॅक्सची वरात गेली की दार लावून घ्यायची. औरंगाबादच्या बाजूला नाव गेलं तर जयवंताला नेमणूक मिळणार होती त्याच तालुक्यात. गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

"बाई, ऐकताय ना?" बाहेरून भगवंतराव म्हणाले. "एक-दोन-तीन लावलं. नाही उघडत."

"असं नको, भगवंतराव. असं हजारदा करावं लागेल." तिने डोळे मिटून आठवलं. गेल्या उन्हाळ्यात मिस्त्रीने तेल घालायला दाराचा आतला पत्रा काढला होता तेव्हा एकनाथरावांनी तिला कौतुकाने दाखवलं होतं. तीन चाकांना आत तीन जिभा. दांडा दाबला की ज्या चाकावर बरोबर आकडा असेल त्याची जीभ पडते, बाकीची दोन चाकं चुकीची असली तरी. बाहेर तो आवाज येत नाही. आतून, पत्र्याला कान लावला, तर येतो. "मला आतून आवाज ऐकू येईल. आपण एकेक चाक घेऊ. पहिलं चाक शून्यावर ठेवा आणि दांडा दाबा. मग एकवर आणून दाबा, मग दोनवर. असं नऊपर्यंत. आकडा मोठ्यांदा सांगत चला. कुठेतरी ठक् होईल, तो पहिला आकडा. दहांत एक बरोबर असणारच ना."



"हुशार आहात तुम्ही," भगवंतराव म्हणाले.

तिने पदर डोक्यावरून घेतला आणि कान पत्र्याला चिकटवला. लोखंडाचा गारवा गालातून दातांपर्यंत गेला.

"शून्य," भगवंतराव म्हणाले. दांडा कुरकुरला. काही नाही.

किट्. "एक." दांडा. काही नाही.

चाक एक घर सरकलं की किट् वाजत होतं, बारीक, पण स्वच्छ. किट्. "दोन." किट्. "तीन." ती बोटांवर मोजत होती. चार, पाच, सहा.

"सात." दांडा कुरकुरला.

किट् किट्. "आठ."

किट्. "नऊ." दांडा. काही नाही.

"नाही लागला," भगवंतराव म्हणाले.

जयवंताने कान काढला नाही. दहाही आकडे झाले होते आणि जीभ पडली नव्हती. असं होऊ शकत नव्हतं. कुलूप बिघडलं असेल, असं तिने आधी स्वतःला सांगून पाहिलं. पण परवापर्यंत एकनाथराव याच चाकांनी दार उघडत होते. मग तिला सातच्या वेळचा आवाज आठवला. म्हणजे आवाज नव्हता, तेच आठवलं. सहानंतर चाक फिरलंच नव्हतं. भगवंतराव नुसतं 'सात' म्हणाले होते. आणि आठच्या वेळी चाक दोन घरं एकदम गेलं होतं.

तिचे हात आपोआप मांडीवर येऊन एकमेकांत अडकले.

जो आकडा त्यांनी लावला नाही, तोच लावायचा होता. आणि तो सोडायचा हे त्यांना कळलं म्हणजे त्यांना आकडा ठाऊक होता. मग एकेक गोष्ट, न बोलावता, तिच्यासमोर येऊन उभी राहिली. हे दार वाऱ्याने हलत नाही. रोज सकाळी यादगिरीला ते दोन्ही हातांनी ओढून उघडावं लागायचं. आणि नुसतं लोटलं तर ते लागत नाही. चाकं फिरवावी लागतात. दार लागल्यावर बाहेर किट् किट् वाजलं होतं.

ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलं तर डांबरगोळ्यांचा वास घशात गेला. बाहेर दुसरं कुणी नव्हतं. ओरडलं तर ऐकणार एकटे भगवंतरावच होते.

ते वाईट नव्हते, हे तिला माहीत होतं. परभणीकडचे, शेतकरी घरातले, पन्नाशी उलटलेले. तिच्या हातचं पाणी त्यांनी कधी घेतलं नव्हतं, पण तिचं काम कधी अडवलंही नव्हतं. त्यांच्या बायकोला, विमलाबाईंना, गळ्यात गाठ झाली होती. त्यावर मशीनचा शेक द्यायचे, तो फक्त हैदराबादेतल्या इस्पितळात मिळत होता. शेक अर्धेच झाले होते. गेले काही दिवस डबा खाताना ते घास हातात धरून बसून राहायचे.

"बाई?" बाहेरून आवाज आला. "ऐकताय ना? नाही लागला म्हटलं."

"हो, ऐकलं," ती म्हणाली. आपला आवाज कापू नये म्हणून तिने हनुवटी गुडघ्यावर दाबली. "जुनं आहे, पडली नसेल जीभ. दुसरं चाक बघू या."

त्यांना काही कळलं आहे असं दाखवायचं नाही. कळलं तर घाबरतील. घाबरलेला माणूस कोर्टकचेरीला भिऊन जिना चढून निघून जाईल, आणि यादगिरी उद्यापर्यंत येणार नाही. तिने कंदिलाकडे पाहिलं. ज्योत बुटकी झाली होती, टोकाला लालसर. ती वाकली आणि तिने फुंकर मारली. उजेडापेक्षा हवा जास्त लागणार होती.

अंधार झाला तशी पेवातली फरशी सरकल्यासारखं वाटलं. तिने ओठ चावला आणि कान पुन्हा पत्र्याला लावला.

"शून्य." काही नाही. किट्. "एक." मग "दोन", आणि चाक हललंच नाही. किट् किट्. "तीन."

दोन. तिने तो आकडा मनात घट्ट धरला. सात, दोन. बाहेर भगवंतराव नऊपर्यंत गेले, इमानदारीने, एकही आकडा न गाळता बोलत. तिला वाटलं, त्यांच्या तोंडाला कोरड पडली असावी; आकडे जिभेला चिकटून येत होते.

"तिसरं," ती म्हणाली.

"शून्य." किट्. "एक." किट्. "दोन."

तेवढ्यात तिच्या घशात ठसका आला. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. छाती फुटते की काय असा खोकला, एकामागून एक. त्या खोकल्याच्या पलीकडे भगवंतराव काहीतरी म्हणत होते, दांडा कुरकुरत होता. श्वास मिळाला तेव्हा तिने पुन्हा कान लावला.

किट्. "सहा." किट्. "सात." मग सगळं सरळ, नऊपर्यंत.

म्हणजे तीन, चार किंवा पाच. यांतला कुठला, हे तिला कळलं नव्हतं. आणि कळलं असतं तरी काय? चाकं बाहेर होती. अर्ध्याहून जास्त आकडा तिच्या मुठीत होता आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. तो उपयोगी पडायचा तर भगवंतरावांच्याच बोटांनी.

"नाही लागत हो बाई," ते म्हणाले. "मी असं करतो, साहेबांकडे जाऊन येतो. सांगतो त्यांना."

"थांबा!" ती जोरात म्हणाली, मग आवाज खाली आणला. "थांबा ना जरा. मला आठवतंय. एकनाथराव दार उघडताना कधी कधी पुटपुटायचे. पहिला सात म्हणायचे वाटतं. मघाशी दांडा नीट दाबला गेला नसेल. पुन्हा एकदा सात लावून बघा."

तिने कान पत्र्याला आणखी दाबून धरला.

किट्. थांबून किट्. नऊवरून सातवर, मागे दोन घरं. मग दांडा कुरकुरला, आणि तिच्या कानाशी, पत्र्याच्या पोटात, काहीतरी पडलं. ठक्.

"लागला!" ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं ते तिला थांबवता आलं नाही. "बघा, लागला. आणि दुसरा... दुसरा दोन असावा."

यावेळी तिला जास्त वाट पाहावी लागली. दांडा पुन्हा कुरकुरला. ठक्, ठक्. दोन जिभा.

"तिसरा?" भगवंतरावांनी विचारलं. अगदी हळू. तोंड त्यांनी दाराजवळ आणलं असावं.

"तिसरा नाही आठवत. तुम्ही पुन्हा फिरवून बघा ना. वहिनींना आज शेकाला न्यायचंय, तुम्हाला उशीर होईल."

दाराला त्यांनी हात टेकला असावा. पत्रा किंचित कण्हला.

"जयवंता," ते म्हणाले. आजवर ते तिला 'बाई'च म्हणत आले होते. "एकनाथराव कधी काही पुटपुटले नाहीत. आठ वर्षं मी रोज त्यांच्या शेजारी उभा राहतोय."

तिचा हात तोंडावर गेला. आकडा आपल्याला ठाऊक आहे हे त्यांनीच सांगून टाकलं होतं, आणि तिने ते ओळखलंय हेही त्यांना कळलं होतं.

मग चपलांचा आवाज आला. दारापासून दूर. फरशीवरून, मग जिन्याच्या दगडी पायऱ्यांवरून, वर.

"भगवंतराव!"

चपला थांबल्या नाहीत.

जयवंता दाराला पाठ लावून बसली. दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले, म्हणजे निदान जमीन कुठे आहे ते कळावं. ती अंधारात तोंड उघडून, आवाज न करता, थोडाथोडा श्वास घेत राहिली. पेवात असतानाही तिने असाच घेतला होता. तेव्हा वरची फरशी सरकवायला बाप येणार होता. तो येईल हे तिला ठाऊक होतं, म्हणून तेव्हा ती रडली नव्हती. आता तिने आईचं नाव घेतलं, मग बापाचं, मग कुणाचंच नाही. साहेबांच्या खोलीबाहेर पट्टेवाला आपलं नाव पुकारत असेल, असं तिच्या मनात आलं. दोनदा पुकारेल. मग भगवंतराव पुढे होतील, हात जोडतील. नंतर ते येऊन दार उघडतील, असं त्यांनी ठरवलं असेल कदाचित. नंतर म्हणजे कधी, ते तिला ठाऊक नव्हतं. डोकं जड झालं होतं. कानात एक बारीक सूर लागला होता.

पायऱ्यांवर पुन्हा आवाज झाला, तेव्हा तो खरा आहे की आपल्याच डोक्यातला, हे तिला आधी कळेना.

कुणीतरी घाईने खाली येत होतं. दाराशी येऊन थांबलं. धापा ऐकू आल्या. ती उठली नाही. फक्त मान वळवून कान टेकवला. किट्, किट्, किट्, चाक भराभर फिरलं. दांडा कुरकुरला. ठक्, ठक्, ठक्.

दार तिच्या पाठीमागून सरकलं आणि ती बाहेरच्या उजेडात आडवी पडली.

तळघराच्या छतातला पिवळा दिवा, ओल धरलेली भिंत आणि त्यांच्यामध्ये भगवंतरावांचा चेहरा. घामाने डबडबलेला, टोपी नाही. तिने हवा ओढून घेतली, पुन्हा ओढली. तिला धरून उठवायला त्यांनी हात पुढे केला आणि अर्ध्यावरच मागे घेतला. ती हातांवर सरकत दारापासून लांब झाली. मागे वळून पाहिलं तोवर त्यांनी दार लोटून चाकं विस्कटून टाकली होती.

"पाणी आणायला गेलो होतो," ते म्हणाले.

त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. जयवंताने त्या हातांकडे पाहिलं, मग पदर सारखा केला आणि भिंतीला धरून उभी राहिली.

"साहेब आहेत अजून?" तिने विचारलं.

"आहेत."

अंगण ओलांडताना ती पुढे होती आणि ते दहा पावलं मागे. ऊन अजून होतं. फाटकाबाहेर फटाक्यांच्या आणि पणत्यांच्या गाड्या लागल्या होत्या, कुणीतरी तेलुगूत भाव करत होतं. हे सगळं इतका वेळ असंच चालू होतं, याचं तिला नवल वाटलं.

वाटपाचे साहेब नवीन होते, करीमनगरकडचे. टेबलावर घड्याळ काढून ठेवलेलं. दोघांकडे, विशेषतः तिच्या साडीवरच्या धुळीकडे, त्यांनी नीट पाहिलं.

"कितनी देर? दो बार नाम पुकारा."

"तळघराचं दार लागलं होतं," जयवंता म्हणाली. "मी आत अडकले होते. यांनी उघडलं."

"अच्छा!" साहेब खुर्चीत पुढे झाले. "मैं वोइच पूछनेवाला था. एकनाथराव नंबर बताए बगैर चले गए. कल से इधर के कागज उस कमरे में रखना है. मेरेकू वो आदमी होना जिसकू कमरा खोलना आता." त्यांनी भगवंतरावांकडे पाहिलं. "आप खोले ना? तो नंबर मालूम है आपकू. फिर तो बात खतम. आप इधरीच रहो."

भगवंतरावांनी तोंड उघडलं.

जयवंता त्यांच्या शेजारी उभी होती. तिने मान वळवली नाही. टेबलावरच्या घड्याळाकडे पाहत ती थांबली. 'हो' म्हणायला त्यांना हवा तेवढा वेळ होता. एवढा वेळ दाराबाहेर उभं राहून आपण काय करत होतो, ते मात्र मग त्यांना सांगावं लागलं असतं; निदान तिला तरी.

"नहीं मालूम, साहेब," भगवंतराव म्हणाले. "नशिबानं लागला. ध्यानात नाही राहिला."

"कमाल है." साहेबांनी हात झटकला. "मंग? अब फिर बंद है क्या?"

"दोन आकडे मला ठाऊक आहेत," जयवंता म्हणाली. "तिसरा काढून देते."

तिघंही परत तळघरात आली. पायऱ्या ती भिंतीच्या बाजूने उतरली. दारासमोर ती थोडी लांबच उभी राहिली. हात पूर्ण लांब केला तेव्हा बोटं चाकांना पोचली. पितळ अजून घामाने ओलं होतं. पहिलं चाक तिने सातवर आणलं, दुसरं दोनवर. तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि ते थांबलं. विमलाबाई तिने एकदाच पाहिल्या होत्या, संक्रांतीला. गळ्याभोवती पदर घेऊन बसलेल्या. तिळगूळ त्यांनी तिच्या हातात ठेवला होता, वरून टाकला नव्हता.

"जल्दी करो बाई," साहेब म्हणाले आणि येताना पुन्हा मनगटावर बांधलेल्या घड्याळाला किल्ली देऊ लागले.

"चार," मागून भगवंतराव म्हणाले. ओठ हलले नसतील इतक्या हळू.

जयवंताने मागे पाहिलं नाही. तिने चाक तीनवर आणलं आणि दांडा दाबला. तो नुसता कुरकुरला. मग तिने चाक आणखी एक घर पुढे नेलं आणि पुन्हा दाबला. दांडा खालपर्यंत गेला.

"शाबाश!" साहेब म्हणाले. "लिखो, ये बाई इधर." लिहायला तिथे कुणी नव्हतं, ते सवयीने बोलले होते. त्यांनी दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं. डांबरगोळ्यांचा वास बाहेर आला. आत अंधार होता. "बाकी सामान निकाल लो आजइच. औरंगाबाद का है ना वो?"

जयवंताने उंबऱ्याकडे पाहिलं. पाय उचलायचा म्हणून तिने उचलून पाहिला. तो उचलला गेला नाही.

"मी आणतो," भगवंतराव म्हणाले. ते तिच्या बाजूने, अंग चोरून, पुढे गेले. उंबऱ्यावर क्षणभर थांबले. मग चाचपडत आत शिरले. अंधारात स्टूल पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ बस्ता ओढल्याचा.

साहेब जिना चढून निघून गेले होते. तळघरात ती दोघंच होती, एक आत आणि एक बाहेर. आतला आवाज अचानक थांबला. भगवंतराव हालचाल न करता, दाराकडे तोंड करून उभे असावेत.

जयवंता पुढे झाली. तिने दाराच्या कडेवर हात ठेवून ते उघडं धरलं आणि भगवंतराव बस्ता घेऊन बाहेर येईपर्यंत हात तिथून काढला नाही.